चेकवरचं नाव, खात्यावरचं नाव

वाचकाचं पत्र:

«मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून दोन वर्षांपासून घरी कांदा-लसूण मसाला आणि चटण्या करतो. गाव कराडपासून चौदा किलोमीटरवर. महिन्याला साधारण दीड लाखाचा माल जातो. त्यातले नव्वदेक हजार यूपीआयनं माझ्या मिस्टरांच्या बचत खात्यात येतात, चाळीसेक हजार पुण्यातली दोन दुकानं देतात आणि वीस हजारांच्या आसपास आठवडी बाजारात रोख. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका दुकानदारानं 18,400 रुपयांचा चेक आमच्या मसाल्याच्या नावानं दिला, तो बँकेनं घेतलाच नाही. आता करंट अकाउंट काढायचं ठरवलंय. खासगी बँकेचा माणूस घरी येऊन ‹झिरो बॅलन्स› म्हणून गेला. गावातल्या सरकारी बँकेत 5,000 ठेवा म्हणतात. पिग्मी भरतो ती पतसंस्था म्हणते, आमच्याकडेच काढा. दोन्ही बँकांची दरपत्रकं सोबत जोडली आहेत. कुठं काढावं? पुढच्या वर्षी कांडप यंत्रासाठी कर्जही लागणार आहे.»

ताई,

आधी त्या चेकचं बघू, कारण त्याला मुदत आहे. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीनच महिने चालतो. दुकानदारानं तो तुमच्या मसाल्याच्या नावानं लिहिलाय आणि वर ‹अकाउंट पेयी›च्या दोन तिरप्या रेघा असणार. असा चेक त्याच नावाच्या खात्यात जमा होतो. मालक तुम्ही असलात आणि शाखेतले सगळे तुम्हाला ओळखत असले, तरी तो मिस्टरांच्या किंवा तुमच्या बचत खात्यात घालता येत नाही. म्हणजे बँकेनं बरोबरच केलं. खातं वेळेत निघालं तर हाच चेक भरता येईल. पण चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरशः एक हवं. एकीकडे ‹मसाले› आणि दुसरीकडे ‹मसाला› असलं तरी परत येऊ शकतो.

आता बँकेकडे वळायच्या आधी एक गोष्ट दोघींनी बसून ठरवा: धंदा कोणाचा? तुम्ही ‹दोघी मिळून› लिहिलंय, पण बँकेच्या फॉर्मवर ‹दोघी मिळून› असा रकाना नसतो. एकीच्या नावाची मालकी, म्हणजे प्रोप्रायटरशिप, नाहीतर रीतसर भागीदारी. बचत खात्यासारखं ‹दोघींपैकी कोणीही› असं संयुक्त नाव प्रोप्रायटरशिपच्या खात्याला लागत नाही.

भागीदारी करायची तर स्टँप पेपरवर करारनामा, फर्मच्या नावाचं वेगळं पॅन, भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदणी आणि दरवर्षी फर्मचं वेगळं आयकर विवरणपत्र, नफा होवो न होवो. शिवाय फर्मला आयकर पहिल्या रुपयापासून 30 टक्के लागतो. एका व्यक्तीला ठरावीक उत्पन्नापर्यंत कर पडत नाही, ती सवलत फर्मला नाही. वर्षाला अठरा लाखांच्या उलाढालीला हा पसारा सध्या जड आहे. आमचं मत: एकीच्या नावानं मालकी ठेवा आणि दुसरीचा मेहनताना ठरवून तो दर महिन्याला धंद्याच्या खात्यातून तिच्या बचत खात्यात ट्रान्सफरनं द्या. रोख देऊ नका. खात्यावर सही करण्याचा अधिकार मालकीण लेखी पत्रानं दुसरीला देऊ शकते, त्याचा छापील नमुना शाखेत मिळतो. मात्र कायद्यानं सगळं जिच्या नावावर आहे तिचंच धरलं जातं. हे जाऊबाईंना आजच मोकळेपणानं सांगा. नंतर यंत्र कोणाच्या नावावर आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर यावरून घरात भांडणं लागतात. दोघींनाही कागदोपत्री समान हक्क हवा असेल, तर भागीदारीचा खर्च सोसा. मधला मार्ग काढत बसू नका.

मिस्टरांच्या खात्यात येणारे पैसे मात्र लगेच थांबवायला हवेत. वर्षाकाठी दहा-अकरा लाख त्यांच्या खात्यात जमा दिसतात आणि त्यांच्या विवरणपत्रात मसाल्याचा पत्ता नाही. आयकर खात्याच्या नजरेत हे उत्पन्न त्यांचं. रोजच्या तीस-चाळीस छोट्या जमा दिसल्या की बँकही विचारते, बचत खात्यावर धंदा चालतो का? मग ‹करंटला बदला› म्हणतात, किंवा खुलासा येईपर्यंत व्यवहार अडवतात. आणि कर्जाच्या वेळी तुमच्या नावावर दोन वर्षांची एक रुपयाचीही उलाढाल दिसत नाही. दोन वर्षं चांगली विक्री करून बँकेच्या लेखी तुम्ही नवख्याच राहिलात.

सगळ्यात जास्त खेटे नावापायी होतात. आधार सासरच्या नावाचं आणि पॅन माहेरच्या, ही घरोघरची गोष्ट. ‹उद्यम›, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅन जुळवून पाहते आणि नाव जुळलं नाही की तिथंच अडते. म्हणून पॅनवरचं नाव आधी बदलून घ्या, विवाह नोंदणीचा दाखला जोडून. ते होईपर्यंत बाकी धावपळ फुकट आहे. दुसरी गोची इंग्रजी स्पेलिंगची. एका कागदावर ‹गृह›च्या शेवटी ए हे अक्षर, दुसऱ्यावर नाही. एकीकडे ‹गृहउद्योग› जोडून, दुसरीकडे तोडून. वाचणाऱ्याला फरक पडत नाही, बँकेच्या संगणकाला पडतो. एका कोऱ्या कागदावर धंद्याचं नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहा, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक अर्जात, पाटीवर, शिक्क्यावर, पिशवीच्या छपाईत तेच वापरा. नाव ठरवताना पुण्याच्या त्या चेकवर काय लिहिलंय तेही बघा. तेच ठेवता आलं तर उत्तम.

प्रोप्रायटरशिपच्या खात्याला मालकिणीचं पॅन, आधार आणि फोटो तर लागतातच. त्याशिवाय धंदा खरंच चालू आहे हे दाखवणारे दोन कागद रिझर्व्ह बँकेच्या नियमानं लागतात. तुमच्यासाठी सोयीचे हे:

पहिला, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. ते सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळतं. ‹उद्यम काढून देतो› म्हणत हजार-दोन हजार मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. पैसे मागितले की बंद करा. गंमत अशी, की या अर्जातच बँक खात्याचा नंबर आणि आयएफएससी विचारतात आणि तुम्हाला तर खातं काढायलाच उद्यम हवंय. इथं अनेक जण अडकतात. मालकिणीचं स्वतःचं बचत खातं घाला (मिस्टरांचं नको) आणि करंट अकाउंट निघालं की उद्यममध्ये जाऊन नंबर बदला.

दुसरा, दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना पावती. यालाच लोक शॉप ॲक्ट किंवा गुमास्ता म्हणतात. मोजकी माणसं असलेल्या ठिकाणाला नोंदणी नसते, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. काही शाखांतले कर्मचारी ‹ही पावती चालत नाही, लायसन आणा› म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा, की इतक्या लहान धंद्याला कायद्यानं पावतीच मिळते. तरीही अडलं तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी पुढे करा. खायचा माल विकता म्हणजे ती तुमच्याकडे असायलाच हवी. दोन कागद जमतच नसतील तर जागा पाहून एका कागदावर खातं काढायची मुभा बँकेला आहे. पण ती मुभा शाखेची, तुमचा हक्क नव्हे.

घराचं वीजबिल बहुतेक सासऱ्यांच्या नावावर असेल. मग ‹या जागेत सून हा व्यवसाय करते, माझी हरकत नाही› असं त्यांच्या सहीचं संमतीपत्र जोडा. बँकेचा माणूस जागा बघायला येईल, तेव्हा दाराशी नावाची पाटी हवी. फ्लेक्सचा छोटा बोर्डही चालतो, पण हवा. तो त्याचा फोटो काढतो. फाइलमध्ये पाटीचा फोटो नाही म्हणून आठ-आठ दिवस पडून राहिलेली खाती थोडी नाहीत. रबरी शिक्का करून घ्या: वर धंद्याचं नाव, मध्ये सहीपुरती जागा, खाली ‹प्रोप्रायटर›. पुढे प्रत्येक चेकवर सहीसोबत तो उमटवायचा. एकदा शिक्का आणि एकदा नुसती सही, असं केलं तर चेक परत येईल.

हे झालं की बँक. पतसंस्थेचं आधी निकालात काढते, कारण तिथं शंका नाही. पतसंस्था बँक नव्हे. तिथल्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षण नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नाही, ती सहकार खात्याखाली येते. पिग्मी चालू ठेवायची तर ठेवा, पण तिथं फक्त बुडाले तरी घर चालेल एवढीच रक्कम असू द्या. धंद्याचं खातं तिथं नको.

ठेव विम्याचं आणखी एक फारसं माहीत नसलेलं. बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तर एका बँकेत एका व्यक्तीला 5 लाखांपर्यंतच संरक्षण आहे. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासूनची. प्रोप्रायटरशिप कायद्यानं तुमच्याहून वेगळी नसते. त्यामुळे तुमचं बचत खातं, मुदत ठेव आणि धंद्याचं खातं एकाच बँकेत असेल तर सगळं मिळून 5 लाख. वेगवेगळे 5 लाख धरू नका. भागीदारी फर्म मात्र वेगळी मोजतात. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. घरखर्च जेमतेम निभावतो, पण मिरचीवाल्याचे आणि मजुरांचे पैसे द्यायचे असताना धंद्याचं खातं असं अडकलं तर धंदाच बसतो. म्हणून घरची बचत एका बँकेत आणि धंदा दुसरीत, हे बरं. सहकारी बँका सगळ्या सारख्या नसतात, काही उत्तम चालतात. पण तुमच्यासमोर तो पर्याय नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आता खासगी बँकेचं ‹झिरो बॅलन्स›. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर, तळाच्या बारीक टिपेत लिहिलंय: पहिले सहा महिने शिल्लक शून्य चालेल, त्यानंतर तिमाही सरासरी 25,000 ठेवायचे. कमी पडली तर तिमाहीला 1,500 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,770. घरी आलेला माणूस खोटं बोलला नाही, फक्त सहा महिन्यांनंतरचं बोलला नाही.

सरासरी शिल्लक म्हणजे ‹यापेक्षा कमी व्हायला नको› असं नव्हे. रोज रात्री दिवस संपताना खात्यात जे उरतं, त्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून दिवसांनी भागायचं. तुमच्या धंद्यात हे कुठं दुखेल ते बघा. मिरची तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये घेणार, कारण मसाल्याचा मोसम त्याच्या मागून येतो. समजा जानेवारीचे 31 दिवस खात्यात 25,000 होते. फेब्रुवारी लागताच मिरची, धणे, खोबऱ्यासाठी पैसे निघाले आणि पुढचे 59 दिवस 6,000 वरच राहिले. बेरीज: 7,75,000 अधिक 3,54,000, म्हणजे 11,29,000. भागिले 90. सरासरी आली 12,544, दंड लागला. फेब्रुवारीअखेर हे लक्षात येऊन सरासरी भरून काढायची म्हटली, तर मार्चभर रोज रात्री 42,000 च्या वर खात्यात निजवावे लागतील. ऐन खरेदीत एवढे पैसे कोण निजवतं? आणि करंट अकाउंटला व्याज नसतं. कोणत्याच बँकेत नसतं, कोणी देतो म्हणाला तर तो भलत्याच कुठल्या तरी योजनेबद्दल बोलतोय.

सरकारी बँकेच्या दरपत्रकात मासिक सरासरी 5,000 आहे. तीस दिवसांच्या महिन्यात बेरीज 1,50,000 भरली की झालं. पुण्याच्या दुकानांचे पैसे आले की चार दिवस तसेच राहू दिले तरी त्यातला बराच हिशेब भागतो. ‹सरकारी बँकांनी किमान शिल्लक काढून टाकली› अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या बचत खात्याच्या असतात. करंटला लावून घेऊ नका.

रोख भरण्याचं बोलायचं तर दरपत्रकातल्या मर्यादांनी घाबरू नका. महिन्याला लाख-दोन लाख मोफत, पुढे हजारी काही रुपये, असे दर असतात आणि तुमची रोख वीस हजार. तुम्हाला महाग पडेल ते अंतर. बाजार करून आल्यावर त्या रोखीसाठी चौदा किलोमीटरवर कराडला जा, रांगेत उभं राहा, परत या. असं झालं की पैसे घरातच राहतात आणि घरात राहिले की खर्च होतात. गावातल्या शाखेत हे काम पंधरा मिनिटांचं. नाणी रोख भरायच्या यंत्रात जात नाहीत, काउंटरवर वेगळी करून नेली तर घेतात. भरण्याच्या स्लिपवर ‹बाजार विक्री› आणि तारीख लिहायची सवय लावा.

रोख आणि यूपीआय यांतला एक फरक तुमच्या खिशाशी येऊन भिडतो. लहान धंद्यांना अंदाजे नफ्यावर कर भरायची योजना आहे. त्यात रोख विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरतात, चेक, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के. दहा लाखांच्या विक्रीवर 80,000 आणि 60,000 एवढा फरक. पण रोख घेतलेले पैसे नंतर खात्यात भरले म्हणून ते ‹बँकेतून आलेले› होत नाहीत. गिऱ्हाइकानं कसे दिले ते मोजतात. हा गैरसमज सरसकट आहे.

जीएसटीचं तुम्ही विचारलं नाही, पण खात्याशी त्याचा संबंध येतो. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही आणि तुमची उलाढाल त्याच्या निम्म्याहून कमी आहे. मात्र निपाणी किंवा बेळगावच्या दुकानदारानं मागवलं म्हणून मसाल्याचा डबा तिकडे विकलात, की परराज्यातली विक्री झाली आणि तिला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मिरची ब्याडगीहून आणली तर काही नाही, खरेदीला हे लागू नाही. नोंदणी घेतलीच तर बँक खात्याचा तपशील 30 दिवसांत किंवा पहिलं विक्री विवरण भरण्याआधी, जे आधी असेल तेव्हा द्यावा लागतो. नाहीतर नोंदणी निलंबित होते. तेव्हा खातं मालकिणीच्याच पॅनवरचं हवं. मिस्टरांचं तिथं चालणार नाही.

क्यूआरचं. खासगी बँकेच्या माणसानं ‹साउंडबॉक्स फुकट›, म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणारं यंत्र फुकट, हे आमिष दाखवलंच असेल. दुकानदारांच्या ॲपचा क्यूआर कोणत्याही बँकेच्या खात्याला जोडता येतो, त्यामुळे क्यूआरसाठी बँक निवडायची गरज नाही. करंट अकाउंट निघालं की ॲपमध्ये पैसे जमा होण्याचं खातं बदला. बहुतेक ठिकाणी डब्यावर चिकटवलेला क्यूआर तोच राहतो. बचत खात्यातून येणाऱ्या साध्या यूपीआयला व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायचं नाही, हा नियम जानेवारी 2020 पासून आहे. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं मात्र खात्यातून आपोआप कापलं जातं. फुकट काळ कधी संपतो ते विचारून कॅलेंडरवर लिहा. आणि मिस्टरांच्या वैयक्तिक क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्डाचे पैसे घेता येत नाहीत, व्यापारी क्यूआरवर येतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांत हे वाढत चाललंय.

यूपीआयवर धंदा करणाऱ्यांना अलीकडे सगळ्यात मोठा धक्का बसतो तो खातं गोठवलं जाण्याचा. कुणीतरी फसवणुकीचे पैसे फिरवत फिरवत तुमच्याकडून 600 रुपयांचा मसाला घेतो. ज्याचे पैसे गेले तो 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत येतात आणि दूरच्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून तुमच्या खात्यावर बंधन येतं. तुमची चूक काहीच नसते. अशा वेळी शाखेत जाऊन आरडाओरडा न करता तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याकडून पत्र आलं ते आणि वादातली रक्कम किती. मग त्या विक्रीचं बिल आणि पाठवणीची पावती जोडून त्या ठाण्याला ईमेल करा, त्याची प्रत बँकेला द्या आणि बंधन सगळ्या खात्यावर न ठेवता वादातल्या 600 रुपयांवरच ठेवावं अशी विनंती करा. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. यासाठीच बिलबुक आजपासून सुरू करा. व्हॉट्सॲपवर घेतलेल्या ऑर्डरलाही बिल करा, साध्या कार्बनच्या वहीत केलं तरी चालेल.

याच कारणानं आम्ही एकाच खात्यावर विसंबू नका म्हणतो. मुख्य खातं गावातल्या सरकारी बँकेत. ते स्थिरस्थावर झालं, सहाएक महिने गेले, की दुसऱ्या बँकेत कमी शिलकीचं एक साधं करंट अकाउंट ठेवा आणि मिरचीच्या खरेदीची एका हप्त्याची रक्कम तिथं असू द्या. पेमेंट्स बँकेचं खातं त्यासाठी घेऊ नका. तिथं दिवसअखेर 2 लाखांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि ती कर्जही देत नाही.

कर्जामुळेही पारडं गावातल्या शाखेकडे झुकतं. लहान धंद्यांच्या कर्जासाठी सरकारची मुद्रा योजना आहे, तिच्यात 50,000 पर्यंत शिशु, तिथून 5 लाखांपर्यंत किशोर आणि 10 लाखांपर्यंत तरुण. तारण लागत नाही. कांडप यंत्र बहुधा किशोरमध्ये बसेल. शाखाधिकारी सगळ्यात आधी तुमचं स्टेटमेंट उघडतो. त्यात तो महिन्याकाठी येणारी जमा, महिनाअखेरची शिल्लक आणि परत गेलेले चेक बघतो. सहा महिने ते वर्षभराचं खातं नीट दिसलं की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्याला तिथंच मिळतात. म्हणून पुढच्या वर्षी यंत्र हवं तर सगळी विक्री आजपासून याच खात्यातून फिरवा. नव्वद हजार इकडे आणि चाळीस तिकडे असं वाटून घेतलं, तर दोन्ही बँकांना तुम्ही लहानच दिसाल. दुसरं खातं सहा महिन्यांनी काढा म्हटलं ते यासाठीच, आणि त्यातही फिरत्या विक्रीचा पैसा घालू नका.

फॉर्म भरताना दोन रकाने कोरे सोडू नका. एक, नामनिर्देशन. प्रोप्रायटरशिपच्या खात्याला वारस नेमता येतो, पण करंटच्या फॉर्मवर तो रकाना बहुतेकांचा कोरा राहतो, कारण कर्मचारी ‹नंतर बघू› म्हणतो. नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. दुसरा, नेट बँकिंगचा: ‹फक्त पाहणे› आणि ‹व्यवहार करणे› असे दोन पर्याय असतात, दुसऱ्यावर खूण करा. नाहीतर मिरचीवाल्याला नेफ्ट करायलाही शाखेत जावं लागेल. मोबाइल नंबर मालकिणीचा द्या. मिस्टरांचा दिलात तर प्रत्येक ओटीपीसाठी त्यांची वाट बघत बसाल.

चेकबाबत नवी सवय लावावी लागेल. ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सलग वटवतात. सकाळी भरलेला चेक त्याच संध्याकाळी वटतो. तुम्हाला मिळणाऱ्या चेकसाठी हे चांगलं. तुम्ही दिलेल्या चेकसाठी मात्र ‹वटायला दोन दिवस लागतील, तोवर पैसे टाकू› हा जुना हिशेब आता चालत नाही. पैसे खात्यात असतील तेव्हाच चेक फाडा.

उद्या सकाळी पॅन आणि आधार समोरासमोर ठेवून नावातलं प्रत्येक अक्षर ताडून बघा. पॅन दुरुस्त करावं लागणार असेल तर पुण्याच्या त्या दुकानदाराला लगेच फोन करा: «खातं निघायला महिना-दीड महिना लागेल, चेक परत पाठवते. ते 18,400 माझ्या स्वतःच्या बचत खात्यावर नेफ्टनं पाठवा, माझ्या नावाचं बिल देते.» पैसे पाठवण्याआधी त्याला पडद्यावर खातेदाराचं नाव दिसतं. ते तुमचं असलं की पुढे वाद होणार नाही.